ठिपक्यांचं वर्तुळ

साखळीहून सातची कदंबा.
बाणस्तारीच्या पुलावर धुकं, मांडीवर
नवऱ्याची लॅपटॉपची बॅग
आणि तिच्या आतल्या कप्प्यात त्याच्याच कुठल्यातरी पेट्रोलची पावती.
घरी म्हटलं होतं, पणजीला काम आहे.
परिषद म्हटलं असतं तर सासऱ्यांनी विचारलं असतं,
कोण बोलावतंय तुला?
कोणी नाही. मीच पैसे भरले,
दोन बेकऱ्यांच्या आणि एका टिप्परचे सुटे भाग विकणाऱ्याच्या
वेबसाइटचे आलेले.

पाटोच्या काचेच्या इमारतीत
दारातच गळ्यात नाव अडकवतात.
माझ्यावर छापलं होतं
संज् योती मळ ◌ीक.
ज्योतीचा पाय मोडलेला,
आणि ळ ला सोडून आलेली वेलांटी
ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला
धरून उभी.

हे वर्तुळ मला ठाऊक आहे.
मात्रेला अक्षर सापडलं नाही की संगणक ते काढतो.
म्हणजे, इथे कुणीतरी असायला हवं होतं.

आत गारठा. काळे टी-शर्ट, मिठ्या,
अरे तू, मागच्या वर्षी बंगळूरला, हो हो.
मी कागदी कप दोन्ही हातांनी धरला.
एकाने विचारलं, तुम्ही काय करता?
वेबसाइट, मी म्हटलं.
अच्छा, दर्शनी भाग की मागचा?
सगळं. फोनही मीच उचलते.
तो हसला, मग त्याला कुणीतरी दिसलं.

मंचावर कोचीचे बेसिल कुरुविला बोलत होते,
रिकाम्या जागेवर, पाऊण तास.
रिकामी जागा म्हणजे श्वास, म्हणाले.
मी वहीत लिहून घेतलं, आणि आठवला आमचा पदेर आग्नेल:
एवढी जागा फुकट का घालवलीस गे,
उंड्याचा आणखी एक फोटो मावला असता.

मग पडद्यावर एकच वाक्य बारा भाषांत.
चौथी ओळ आपली:
वे  ब  स  र्वां  सा  ठी
त्यांनी अक्षरांनाही श्वास दिला होता.
शिरोरेषेचे तुकडे तुकडे,
पुरानंतर राहिलेल्या कठड्यासारखे.
इंग्रजीला ते हवेशीर दिसतं.
आमची अक्षरं मात्र एकाच दोरीवर वाळत असतात,
दोरी कापली की सगळी ओली चिखलात.

तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.
माझा हात वर गेला, कानापर्यंत,
आणि तिथे गेलाच आहे म्हणून केस मागे सारून आला.

जेवणाच्या रांगेत वायरी गुंडाळणारा इनासियो शेजारी थबकला.
बाय, तें मोडलां न्हय?
काय?
तें पडद्यार. शाळेंत अशें शिकयलें ना आमकां.
सबंध सभागृहात तो आणि मी.
चल, म्हणाला, आणि मला घेऊन
थेट कुरुविलांच्या ताटापाशी गेला,
जसं मीटरचं रीडिंग घ्यायचं आहे.

ते घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत.
चोणकाच्या तुकड्याशेजारी लॅपटॉप उघडला.
अक्षरांमधलं अंतर, मी म्हटलं. शून्य करा.
माझा आवाज मला नवा वाटला, दुसऱ्या कुणाच्या घरात ऐकलेला.
त्यांनी एक आकडा खोडला
आणि रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली.
आतां जालें, इनासियो म्हणाला, आणि वायरींकडे परतला.
कुरुविलांनी माझं नाव विचारलं,
गळ्यातल्या कार्डाकडे बघून बराच वेळ वाचायचा प्रयत्न केला.
मी त्यांना दुरुस्ती सांगितली नाही. एका दिवसाला एक पुरे.

संध्याकाळी कार्ड काढायला विसरले.
सासऱ्यांनी ते उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवला.
हे गोल काय?
सांगता आलं असतं. सांगितलं नाही.
नाव चुकवलंय तुझं, ते म्हणाले,
उद्या जाऊन नीट करून आण.

उद्याही होतीच परिषद.
सातचीच कदंबा.